नंबर तोच ठेवून प्रीपेडचं पोस्टपेड कसं करायचं

आमच्या शेंगा चटणीच्या पाकिटावर माझा मोबाईल नंबर छापलाय, आणि पाकिटं एकदम पाच हजार छापून घ्यावी लागतात, त्याच्या खाली प्रेसवाला हात लावत नाही. म्हणजे नंबर बदलायचा विचार करायची पण सोय नाही. रिचार्ज मात्र माझ्या कधीच लक्षात राहिलं नाही. २८ दिवसांचा प्लॅन म्हटलं की तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागं सरकते, वर्षाला १२ च्या जागी १३ रिचार्ज होतात, आणि एका दिवाळीत बरोबर वसुबारसेच्या आदल्या दिवशी ते संपलं. कुरिअरचा पोरगा जुळे सोलापुरात आमचं घर शोधत फिरतोय, त्याचे फोन मला येतायत, पण रस्त्यात कट झाला की मला उलटा लावता येत नाही, नेट बंद म्हणून लोकेशन पाठवता येत नाही, आणि रिचार्ज मारायचं तर त्याला पण नेटच पाहिजे! शेवटी शेजारच्या वैनींच्या फोनवरून मारलं. त्याच रात्री ठरवलं, महिन्याचं बिल आलेलं परवडलं.

त्यानंतर माझं झालं, मग आमच्या बचतगटातल्या बऱ्याच जणींचं मी सोबत जाऊन करून दिलं, आणि दरवेळी पहिला प्रश्न एकच, "ताई, नंबर जाणार नाही ना?" नाही जात. नंबर टिकवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. घोळ होतो तो बाकीच्या गोष्टींत, म्हणजे सिम कुणाच्या नावावर आहे, कोड कधी मागवला, जुनं सिम कधी काढलं, असल्या. म्हणून तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी, खरंच पाहिजे का ते बघा

सगळ्यांनी पोस्टपेड करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. प्रीपेडच्या रिचार्जची जी किंमत दिसते त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेडच्या जाहिरातीत जो आकडा असतो त्यावर जीएसटी वेगळा लागतो. समजा ३९९ चा प्लॅन घेतला तर वर ७१ रुपये ८२ पैसे टॅक्स, म्हणजे हातात बिल येतं ४७० रुपये ८२ पैशांचं. दुकानातला पोरगा हे आपणहून सांगत नाही, पहिलं बिल आल्यावर कळतं.

माझ्या सासूबाईंकडं बटनाचा साधा फोन आहे, अक्कलकोटच्या नणंदेला फोन करणं आणि सिद्धेश्वरला दर्शनाला गेल्यावर "मी खाली उतरले गं" एवढं सांगणं, बास. त्यांना कशाला पोस्टपेड? ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मधे नियम केला की नेट नसलेले, नुसते कॉल आणि एसएमएसचे प्लॅन पण कंपन्यांनी द्यायचे, त्यांना मी तसला लांब मुदतीचा मारून ठेवलाय. आणि ज्यांची तक्रार फक्त २८ दिवसांची आहे, म्हणजे तारीख हलते एवढीच, त्यांच्यासाठी दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा प्रीपेड प्लॅन प्रत्येक कंपनीला ठेवावाच लागतो, २०२२ पासून तसा नियम आहे. तो मागून बघा, लगेच दाखवत नाहीत पण असतो.

पोस्टपेड कुणी घ्यावं तर ज्याचा धंदा फोनवर चालतो, ज्याला बिल दाखवून हिशोबात खर्च लावायचाय, किंवा ज्या घरात चार-पाच फोन आहेत आणि फॅमिली प्लॅनमधे ते स्वस्तात बसतात. फॅमिली प्लॅनचं एक सांगून ठेवते. बिल एकाच्याच नावावर येतं, आणि त्यानं ते भरायचं विसरलं की सगळ्या घराचे फोन एकदम मुके होतात. आमच्यात बिल मी भरते. ह्यांच्यावर सोडलं नाही.

सिम कुणाच्या नावावर आहे?

हे सगळ्यात आधी. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे तपासल्याशिवाय घरातून निघू नका.

माझा नंबर २०१० चा. त्या वेळी मोठ्या दिरांनी नवी पेठेतनं दोन कार्डं आणली, एक स्वतःला आणि एक मला, आणि दोन्ही त्यांच्याच रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर. पुढं दीर पुण्याला गेले, मी तो नंबर पाकिटावर छापला, बँकेला दिला, गॅसला दिला, आधारला लावला, आणि इतकी वर्षं तो "माझा" नंबर म्हणून वापरला. कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात, गेल्यावर समोरची मुलगी म्हणते, "मॅडम, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये, ज्यांच्या नावावर आहे ते आले तरच होईल." माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

तर कंपनीच्या ॲपमधे प्रोफाईलमधे नाव दिसतं, तिथं बघा. ॲप नसेल तर गॅलरीत विचारा. दुसरं म्हणजे सरकारची संचार साथी नावाची वेबसाईट आहे, ॲप पण आहे, तिथं आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दाखवतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. माझ्या दिरांच्या नावावर सहा निघाले, त्यातले दोन कुणाचे ते त्यांनाही माहीत नव्हतं! ते तिथल्या तिथं "माझा नंबर नाही" म्हणून कळवता येतात, त्यांनी कळवले.

नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर दोन रस्ते. एक तर ज्याच्या नावावर आहे त्यालाच पोस्टपेडचा ग्राहक करायचं, म्हणजे बिल त्याच्या नावानं, भरणार आपण. घरातल्या घरात चालतं. पण धंद्याला आपल्या नावाचं बिल पाहिजे असेल, किंवा नातं पातळ असेल, तर आधी नंबर आपल्या नावावर करून घ्या. त्याला दोघांनी गॅलरीत जावं लागतं, दोघांची ओळखपत्रं, दोघांची संमती. दीर पंढरीच्या वारीला म्हणून आषाढीत इकडं आले होते तेव्हा मी त्यांना धरून नेलं. माणूस वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं मागतात, ते जरा वेळखाऊ आहे पण होतं. आणि नाव बदलायचं काम अर्धवट असताना पोर्ट करायला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला, जाऊ नका, तोपर्यंत पोर्टचा कोडच मिळत नाही.

ऑफिसनं दिलेला नंबर असेल तर तो ऑफिसच्या नावावर असतो. नोकरी सोडताना नंबर आपल्याकडं ठेवायचा असेल तर त्यांचं पत्र लागतं, आणि ते पत्र नोकरी सोडण्याआधी मागितलेलं बरं, नंतर कोण फोन उचलतंय.

कंपनी तीच ठेवायची असेल तर

रेंज चांगली आहे, कंपनीबद्दल तक्रार नाही, फक्त रिचार्जऐवजी बिल पाहिजे, तर काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. पूर्वी यालाही नवीन फॉर्म, फोटो, झेरॉक्स असलं सगळं परत द्यावं लागायचं. सप्टेंबर २०२१ मधे दूरसंचार खात्यानं ते काढून टाकलं, आता नुसत्या ओटीपीवर होतं, परत केवायसी नाही.

करायचं असं. कंपनीच्या ॲपमधे किंवा वेबसाईटवर प्रीपेडचं पोस्टपेड करा असा पर्याय असतो, सापडला नाही तर कस्टमर केअरला फोन लावून सांगा. प्लॅन निवडा. मग त्याच नंबरवर मेसेज येतो, त्यात ओटीपी असतो, आणि तो १० मिनिटंच चालतो, त्यामुळं फोन हातात घेऊन बसा, गॅसवर शेंगा भाजायला ठेवून हे करू नका (मी केलं, शेंगा गेल्या). ओटीपी दिला की तुमची मंजुरी धरली जाते, आणि कधी बदल होणार त्याचा दिवस आणि वेळ मेसेजनं कळवतात. त्या वेळी थोडा वेळ रेंज जाते, अर्ध्या तासाच्या वर सेवा बंद राहू नये असं नियमात आहे. परत आली की झालं.

बऱ्याचदा सिमही तेच राहतं. कधी कधी नवीन देतात, ते आधी विचारून घ्या, कारण सिम बदललं तर बँकेच्या मेसेजचा एक त्रास असतो, तो खाली सांगते.

आता जे जातं ते. प्रीपेडचा शिल्लक बॅलन्स आणि उरलेले दिवस. तो पैसा बिलात वळता होईल अशी आशा ठेवू नका, आधी स्पष्ट विचारा. आमच्या गटातल्या एकीनं वर्षभराचं रिचार्ज मारून दोन महिने झाले होते आणि ती उत्साहानं पोस्टपेड करायला निघाली. मी थांबवलं. अगं, दहा महिन्यांचे पैसे भरलेत तू! रिचार्ज संपत येईल त्या आठवड्यात करायचं, हाच मुहूर्त.

कंपनीही बदलायची असेल तर

म्हणजे पोर्ट. आमच्याकडं म्हणतात तसं "पोर्ट मारायचं".

आताच्या पोरांना खरं वाटणार नाही पण पूर्वी कंपनी बदलली की नंबर बदलायचा, मग सगळ्यांना मेसेज, "हा माझा नवीन नंबर, जुना डिलीट करा", आणि वर्षभरानं कुणीतरी तरीही जुन्यावरच फोन करायचं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली २० जानेवारी २०११ पासून. दुसऱ्या राज्यात गेल्यावर पण नंबर तोच, ही सोय जुलै २०१५ पासून.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रीपेड नंबर थेट दुसऱ्या कंपनीच्या पोस्टपेडमधे नेता येतो. आधी इथं पोस्टपेड करा आणि मग तिकडं जा असं काही नाही, उलट ते करूच नका, कारण एकदा इथं बिल चालू झालं की ते सगळं फेडल्याशिवाय ही कंपनी सोडणार नाही.

कंपनी निवडताना जाहिरात बघू नका, रेंज बघा. आणि रेंज म्हणजे सात रस्त्याला उभं राहून नाही, तिथं सगळ्यांचीच येते. तुमच्या स्वयंपाकघरात येते का, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमधे येते का, माहेरी मंगळवेढ्याला शेतात येते का. मी शेजारणीचं सिम दोन दिवस माझ्या जुन्या फोनमधे घालून घरभर फिरले होते, आमचे हे म्हणाले, "काय करलालीस, भूत शोधलालीस का?" हसू दे. आमच्या मागच्या खोलीत, जिथं चटणी कुटायचं मशीन आहे, तिथं त्या कंपनीची रेंज शून्य होती, म्हणून ती बाद केली. कंपन्यांच्या वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा पण असतो, पण तो गल्लीपर्यंतचं सांगतो, भिंतीच्या आतलं नाही.

मग कोड. ज्या नंबरला पोर्ट करायचंय त्याच नंबरवरून १९०० ला एसएमएस करायचा. मजकूर इंग्रजीत, पी-ओ-आर-टी ही चार अक्षरं, मग एक स्पेस, मग आपला दहा आकडी नंबर. बास. काही लोक म्हणतात माझ्या रिचार्जमधे एसएमएस नाहीत, तर तसं चालत नाही, कोणताही प्लॅन असला तरी हा एसएमएस जाऊ द्यायचा असं ट्रायनं डिसेंबर २०२१ मधे कंपन्यांना बजावलंय.

उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. तो ४ दिवस चालतो. आधी पंधरा दिवस चालायचा, त्यामुळं जुन्या माणसांच्या डोक्यात अजून तेच आहे, कोड मागवून ठेवतात आणि निवांत पुढच्या रविवारी गॅलरीत जातात. तोवर तो मेलेला असतो. कोड सकाळी मागवा आणि त्याच दिवशी जा.

कधी कोड येतच नाही, नकाराचा मेसेज येतो आणि त्यात कारण लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. या कंपनीत येऊन ९० दिवस झालेले नसतात. किंवा गेल्या ७ दिवसांत सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदललेलं असतं, हा नियम १ जुलै २०२४ पासून आलाय, चोर लोक दुसऱ्याचं सिम काढून लगेच पोर्ट मारायचे म्हणून. किंवा नाव बदलायचं काम चालू असतं, किंवा नंबर कोर्टकचेरीत अडकलेला असतो, किंवा आधीच पोस्टपेड असेल तर बिल थकलेलं असतं. कारण वाचा, ते मिटवा, परत एसएमएस करा. एवढंच. कस्टमर केअरशी भांडत बसू नका.

कोड आला की नवीन कंपनीच्या गॅलरीत. सोबत आधार, फोन, आणि स्वतः. झेरॉक्स लागत नाही, कागदी फॉर्मची पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे, सगळं मोबाईलवरच करतात, तिथल्या तिथं फोटो काढतात, म्हणून दुसऱ्याला पाठवून होत नाही. संपर्कासाठी दुसरा एखादा नंबर मागतात आणि त्यावर ओटीपी पण पाठवतात, तर घरात ज्याचा फोन उचलला जातो असा नंबर द्या. मी ह्यांचा दिला आणि हे नेमके बँकेत, फोन सायलेंटवर, मी तिथं वीस मिनिटं खुर्चीत बसून एसीची हवा खाल्ली.

प्रीपेड का पोस्टपेड असं विचारतील तेव्हा पोस्टपेड म्हणा आणि प्लॅनचं नाव, टॅक्स धरून महिन्याचं बिल, आणि डिपॉझिट आहे का, हे तीन प्रश्न विचारा. काही ठिकाणी परत मिळणारं डिपॉझिट घेतात. घेतलं तर पावती. पोर्टिंगची नियमातली फी फक्त ६ रुपये ४६ पैसे आहे, ती पण बरेच जण घेत नाहीत. छत्रीखाली टेबल लावून बसलेला पोरगा "पोर्टिंगचे दोनशे" म्हणाला तर कशाचे ते विचारा. मी शक्यतो गॅलरीतच जाते, पुढं काही झालं तर ती जागा तरी तिथंच असते.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पोर्ट व्हायला ३ कामाचे दिवस. दुसऱ्या सर्कलचा, म्हणजे फोन कंपन्यांच्या दुसऱ्या विभागाचा, नंबर असेल तर ५. आपल्याकडं हे जास्त होतं कारण विजापूर, इंडी, कलबुर्गीकडनं आलेल्या सुनांचे नंबर कर्नाटक सर्कलचे असतात. आणि मुंबई हे पण वेगळं सर्कल आहे बरं का, पुणे आणि सोलापूर एकात, मुंबई वेगळी. कामाचे दिवस म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून, त्यामुळं दिवाळीच्या किंवा गणपतीच्या तोंडावर मारलं तर तीनाचे पाच-सहा होतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तर करूच नका, सुट्टीचं सोडा, होम मैदानावर त्या गर्दीत रेंजच येत नाही, सिम बंद पडलंय का पोर्ट झालंय का गर्दी आहे, काही कळत नाही.

मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत १९०० लाच एसएमएस करून रद्द करता येतं, सी-ए-एन-सी-ई-एल, स्पेस, नंबर.

बदलाची रात्र

नवीन सिम मिळालं की लोक घाईघाईनं ते घालून बघतात, नेटवर्क नाही म्हणून घाबरतात. ते चालणारच नाही अजून. जुनंच सिम ठेवायचं. ते सुरू असलं पाहिजे, म्हणजे या तीन-चार दिवसांत रिचार्ज संपणार असेल तर छोटं का होईना मारून ठेवा, उगाच पन्नास रुपयांसाठी जोखीम नको.

कधी बदलणार ती तारीख मेसेजनं येते. बदल रात्री होतो, साधारण चार तास दोन्ही सिम मुकी असतात. जुन्या सिमची रेंज गेली की मग नवीन घाला आणि फोन एकदा बंद करून चालू करा. घरात कुणी आजारी असेल, किंवा पहाटेची गाडी असेल, तर त्या रात्री दुसरा एखादा चालू फोन जवळ असू द्या.

जुनं सिम काढायच्या आधी एक काम. त्यात साठवलेले नंबर फोनमधे घ्या. स्मार्टफोनवाल्यांना हे लागत नाही पण बटनाच्या फोनवाल्यांचे सगळे नंबर सिममधे असतात. आमच्या शेंगदाण्याच्या व्यापाऱ्यानं जुनं सिम मोडून कचऱ्यात टाकलं आणि मग महिनाभर मार्केट यार्डात जो भेटेल त्याला, "तुजा नंबर सांग बे, माजा सगळा गेलाय."

आता बँकेचं. नंबर तोच असल्यामुळं बँक, आधार, गॅस, फास्टॅग कुठंही काही कळवायला लागत नाही. व्हॉट्सॲप पण फोन तोच असेल तर जसंच्या तसं चालतं. पण सिम बदललं की यूपीआयचं ॲप परत एकदा सिमची खात्री करायला एसएमएस पाठवतं, आणि मग बऱ्याच बँका पहिले २४ तास ५००० च्या वर पाठवू देत नाहीत. शिवाय सिम बदलून घेतलं, म्हणजे त्याच कंपनीत जुन्याच्या जागी नवीन, तर २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, तसा नियमच आहे फसवणूक टाळायला. एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही. त्यामुळं ज्या दिवशी कुणाला मोठी रक्कम द्यायचीय, पोराची फी भरायचीय, रेल्वेचं तत्काळ काढायचंय, त्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. मी शेंगदाण्याची गाडी येणार त्या दिवशी काढलं होतं. ड्रायव्हर हमाली मागतोय आणि माझं ॲप म्हणतंय उद्या या. शेवटी डब्यातले पैसे काढले.

पहिलं बिल

ते जवळजवळ नेहमी जास्त वाटतं. महिन्याच्या मधेच चालू झालेलं असतं, काही कंपन्या मधले दिवस आणि पुढच्या महिन्याचं भाडं एकत्र लावतात, वर टॅक्स. घाबरू नका, पण वाचा. ओळ न् ओळ वाचा. न मागितलेली एखादी सेवा त्यात दिसली तर तेव्हाच बंद करायला सांगा.

बिलाची तारीख आणि भरायची शेवटची तारीख या दोन वेगळ्या असतात, कॅलेंडरवर शेवटची लिहा. आमच्याकडं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणांच्या शेजारी फोनच्या बिलाचा गोल असतो. ऑटोपे लावलं तरी चालतं, फक्त खात्यात पैसे ठेवा. बिल थकलं की आधी आउटगोइंग जातं, मग सगळंच, आणि थकबाकीची नोंद सिबिलसारख्या ठिकाणी गेली तर पुढं कर्ज काढताना आडवी येते. यंत्रमागवाले, शिलाईवाले, ज्यांना बँकेत सारखं जावं लागतं त्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

क्रेडिट लिमिट नावाचा एक आकडा पण असतो. अनलिमिटेड प्लॅनला त्याचा फारसा संबंध येत नाही, पण परदेशात फोन लावले, किंवा प्लॅनच्या वरचं नेट वापरलं, तर मीटर पळतं आणि त्या आकड्याला गेलं की आउटगोइंग बंद करतात. दुबईला कुणी असेल तर व्हॉट्सॲपवरच बोला.

फोन येतील, त्यांचं काय

तुम्ही पोर्टचा कोड मागवला की जुनी कंपनी फोन करते, थांबा, स्वस्तात देतो, अमुक फुकट देतो. ऐकायला हरकत नाही. पण "तुमचं सिम फुकटात पोस्टपेडला अपग्रेड करतोय, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. वर सांगितलं तसं आता नुसत्या ओटीपीवर काम होतं, म्हणजे तो ओटीपी ही तुमची सही आहे. पोर्टचा आठ अक्षरी कोड पण गॅलरीतल्या माणसाशिवाय कुणाला नाही. पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लगेच फोन, सकाळची वाट बघायची नाही.

काम अडकलं, बिल चुकलं, तर आधी कंपनीच्या तक्रार नंबरवर, तो १९८, आणि तिथं डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागायचा. तो लिहून ठेवा, त्याच्याशिवाय पुढं कुणी दारात उभं करत नाही. त्यातनं नाही सुटलं तर कंपनीतच वरच्या अपील प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो, फुकट आहे. ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, ते एकेकाची तक्रार बघत नाहीत.

आणि नाहीच जमलं पोस्टपेड, तर परत प्रीपेडला येता येतं, नंबर तोच ठेवून. पहिल्यांदा परत फिरायचं असेल तर ३० दिवस थांबावं लागतं, आधी हे ९० होतं, जून २०२५ मधे कमी केलं. त्यानंतर परत इकडं-तिकडं करायचं तर मात्र ९० दिवस. त्याआधीच पाहिजे असेल तर गॅलरीत जाऊन परत केवायसी करून होतं. परत फिरताना शेवटचं बिल भरायचं आणि डिपॉझिट दिलं असेल तर त्याची पावती घेऊन जायची. आमच्या गटातली एक जण दोनच बिलं भरून परत आली, म्हणाली रिचार्ज संपलं की निदान दोन दिवस तरी सासरचे फोन करायला लागायचे नाहीत.